पडदा बंद झाल्यावर काय?

मेच्या अखेरीस, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, बंगळूरच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मंडळाचा कार्यक्रम संपलेला असतो, हातात चहाचे कप असतात आणि कुणीतरी विचारतं, ‘‘तुम्ही मुलीला कुठलं ॲप लावलंय?’’ पूर्वी शिकवणी लावायचे, आता ॲप लावतात. उत्तरादाखल तीन नावं मिळतात, एखादा सवलतीचा कोड मिळतो. ‘ते बंद केल्यावर मुलगी काय करते?’ हे मात्र कुणी विचारत नाही.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. टॅब कुठला, वर्गणी किती, शाळेत स्मार्ट बोर्ड आहे का, हे सगळं त्याच्यानंतरचं.

आधी एक गोंधळ दूर करू. मोबाईलवर अपूर्णांक शिकणं आणि मोबाईल कसा वागतो हे शिकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला शिक्षणतंत्र म्हणू, दुसरीला माध्यमशिक्षण. सायकलवरून शाळेत जाणं वेगळं आणि घसरलेली चेन बसवता येणं वेगळं, तसाच हा फरक. आपण पहिल्यावर पैसे खर्च करतो आणि दुसरं आपोआप येईल असं धरून चालतो. ते आपोआप येत नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या ग्रामीण मुलांना विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येतो असं सांगणारी मुलं ८२ टक्के होती. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात फोनवर काही शिकण्याचं काम केलेली ५७ टक्के, तर समाजमाध्यमांवर गेलेली ७६ टक्के. हात सरावले आहेत, आता डोळे सरावायला हवेत.

जुना धडा, पुण्याचा

१९५६ मध्ये आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुण्यात एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक शेतकऱ्यांचा गट आणि त्यांचा एक संयोजक. आठवड्यातून दोन संध्याकाळी रेडिओवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. तो संपला की रेडिओ बंद, आणि मग खरं काम सुरू व्हायचं. ऐकलेल्यावर गट चर्चा करायचा, आपल्या गावात त्यातलं काय जमेल ते ठरवायचा आणि शंका केंद्राकडे पाठवायचा. तुलनेसाठी आणखी काही गावं घेतली होती. त्यांपैकी काहींत रेडिओ होता पण असा गट नव्हता, काहींत रेडिओही नव्हता. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञांनी पाहणी केली. गट असलेल्या गावांत लोकांची माहिती भरघोस वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेच कार्यक्रम ऐकूनही फारसं काही बदललं नव्हतं.

कार्यक्रम तोच, यंत्र तेच. फरक होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या गप्पांचा.

वीस वर्षांनी इस्रोने दूरचित्रवाणीवर असाच मोठा प्रयोग करून पाहिला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर, अमेरिकेकडून उसना मिळालेला उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले. कर्नाटकातली गावं विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर भागातली, म्हणजे आपल्या सोलापूरच्या शेजारची. सकाळी शाळेतली मुलं पाहत, संध्याकाळी सगळा गाव. वर्ष संपलं आणि उसना उपग्रह परत गेला. तंत्रज्ञान बहुतेक वेळा असं उसनंच असतं. कंपनी बंद पडते, वर्गणी संपते, टॅब जुना होतो. मागे जे उरतं तेवढंच आपलं.

बंगळूरने चालून पाहिलेल्या वाटा

शिक्षणतंत्राच्या जितक्या तऱ्हा आहेत, त्या बहुतेक या एका शहरात सापडतात. कुठली वाट कशासाठी चांगली आणि कुठे तिचं बोट सोडायचं, हे ओळखता आलं तर निवड सोपी होते.

पहिली वाट दुकानाची. बायजूज ही इथलीच कंपनी. २०११ मध्ये सुरू झाली, २०१५ मध्ये तिचं ॲप आलं, २०२२ मध्ये तिचं मूल्य २२ अब्ज डॉलर धरलं गेलं. जुलै २०२४ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या १५८ कोटींच्या थकबाकीवरून कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. यातून पालकांनी घ्यायचा बोध ‘ॲप वाईट’ असा नाही. नीट आखलेला व्हिडिओ एखादी संकल्पना छान उलगडतो, सराव प्रश्न कंटाळत नाहीत, चूक झाली की ओरडत नाहीत. आठवीनंतरच्या, स्वतःहून बसणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग होतो. पण दुकानाचं हित तुम्ही जास्तीत जास्त वर्षांचे पैसे आधी भरण्यात असतं आणि तुमचं हित एकेक महिना पाहून ठरवण्यात. हे दोन्ही एकाच वेळी साधत नाही.

दुसरी वाट सार्वजनिक रस्त्याची. नंदन आणि रोहिणी निलेकणी व शंकर मारुवाडा यांनी उभी केलेली एकस्टेप ही संस्था बंगळूरची. तिच्या खुल्या तंत्रावर केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ पासून चालतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात धड्यापाशी छापलेला क्यूआर कोड स्कॅन केला की याच रस्त्यावर जाता येतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत असे कोड वापरले, आणि २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार त्यांना मिळाला. इथे पैसे लागत नाहीत. मात्र सार्वजनिक रस्त्यावर खड्डेही असतात. एखादा व्हिडिओ उत्तम, पुढचा कंटाळवाणा. तेव्हा आधी स्वतः पाहा, चांगले चार निवडा, मग मुलाला द्या.

तिसरी वाट शिक्षकाच्या हातातून जाते. बंगळूरची ‘आयटी फॉर चेंज’ ही संस्था कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांबरोबर काम करते. शिक्षकांनीच धडे, नकाशे, गणिताच्या आकृत्या तयार करायच्या आणि एकमेकांना मोफत वापरू द्यायच्या, अशी तिची रीत. जिओजेब्रासारखं मोफत सॉफ्टवेअर घेऊन शिक्षक स्वतः त्रिकोण हलवून दाखवतो आणि मुलांचे चेहरे पाहत थांबतो. ही वाट हळू चालते, जाहिरातीत दिसत नाही. पण बंगळूरच्याच अझीम प्रेमजी फाउंडेशनचा अनुभव तिच्या बाजूने आहे. सुरुवातीच्या वर्षांत या संस्थेने अनेक भाषांत शैक्षणिक सीडी तयार करून शाळांना दिल्या. पुढे तिने तो मार्ग मागे ठेवला आणि शिक्षकांच्या घडणीवर भर दिला. आयटीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेने संगणकाची मर्यादा उघडपणे सांगितली, याची नोंद घ्यायला हवी.

चौथी वाट खुल्या पुस्तकांची, आणि मराठी घरांसाठी सगळ्यात कामाची. २००४ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ‘स्टोरीविव्हर’ हा मंच उघडला. गोष्टी मोफत वाचता येतात, छापता येतात, भाषांतर करता येतात, नव्या लिहिताही येतात. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि खाली पार्किंगमध्ये खेळताना कन्नड, अशी तीन भाषांत वावरणारी आपली मुलं. एकच गोष्ट मराठीत वाचायची आणि मग कन्नडमध्ये उघडून ओळखीचे शब्द शोधायचे, हा खेळ अर्धा तास सहज चालतो. इमारतीतली कन्नड मैत्रीण शेजारी बसली तर आणखी चालतो. याच्या जोडीला पद्मश्री अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ ठेवा. टाकाऊ वस्तूंची खेळणी आणि हजारो पुस्तकं तिथे मोफत आहेत. तिथला व्हिडिओ दोन-तीन मिनिटांत संपतो आणि मूल रिकामी बाटली, काड्यापेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा शोधायला उठतं. पडदा बंद झाल्यावर काय, याचं इतकं चोख उत्तर मला दुसरीकडे सापडलं नाही.

पाचवी वाट मुलाला कारागीर मानते. बन्नेरघट्टा रस्त्याजवळच्या सुदर्शन लेआउट वस्तीत ‘फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट कर्नाटक’च्या स्वयंसेवकांनी आंबेडकरांच्या नावाने सामुदायिक संगणक केंद्र चालवलं. जुने संगणक, फुकटचं सॉफ्टवेअर आणि संध्याकाळी नोकरी संपवून येणारी आयटीतली तरुण मंडळी. तिथल्या मुलांनी गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरवर काढलेली चित्रं लोकांनी विकत घेतली. या मुलांनी यंत्रावर धडा पाहिला नाही, यंत्राकडून काम करून घेतलं. आपल्याकडे मात्र महागडा लॅपटॉप घेऊन त्यावर व्हिडिओच पाहिले जातात.

आणि एक वाट विनापडद्याची. कोविडच्या काळात, जून २०२० मध्ये, कर्नाटक सरकारने लहान वर्गांचे ऑनलाइन तास बंद केले. जुलैत उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. त्याच वर्षी सरकारी शाळांसाठी ‘विद्यागम’ योजना आली. कुणाकडे इंटरनेटचा फोन, कुणाकडे साधा फोन, कुणाकडे काहीच नाही, अशा तीन गटांत मुलांची विभागणी करून शिक्षक वस्तीत गेले. देवळाच्या ओसरीत, झाडाखाली बसून शिकवू लागले. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये ती थांबली. शाळा बंद राहिल्याची किंमत पुढे दिसली. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या १६,०६७ प्राथमिक मुलांची पाहणी केली. आदल्या वर्षीचं किमान एक भाषिक कौशल्य ९२ टक्के मुलं विसरली होती, गणितातलं ८२ टक्के. शिक्षक समोर नसताना पडदा ती जागा भरू शकला नाही.

आता माध्यमं ओळखायला शिकू

माध्यमशिक्षणाच्या जगभर तीन मुख्य रीती आहेत. त्यांना तटबंदी, चिकित्सा आणि निर्मिती म्हणू.

तटबंदीची रीत सांगते, मुलांना माध्यमांपासून जपा. फोनला कुलूप, वेळेची मर्यादा, ठरावीक वयापर्यंत खातं नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं बंद केलं, ते याच विचारातून. लहान वयात ही रीत लागतेच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पहिल्या दोन वर्षांत पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको, कमी तेवढं बरं. आपल्या शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांत पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन वर्गाची दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती. हे आकडे फ्रिजवर लावण्यासारखे आहेत.

मूल फोन काढून घेतला की अंगावर येत असेल, झोप आणि जेवण त्यापायी बिघडलं असेल, तर ‘वाया गेलंय’ म्हणू नका. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठीचं ‘शट’ हे क्लिनिक २०१४ पासून चालू आहे. तिथे जायला लाज वाटण्याचं कारण नाही. दात दुखला की आपण दातांच्या डॉक्टरकडे जातोच.

पण तटबंदीला वयाची मर्यादा आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मूल तट ओलांडतं. मित्राच्या फोनवर, शाळेच्या बसमध्ये, मागच्या बाकावर. तेव्हा दुसरी रीत उपयोगी पडते.

चिकित्सेची रीत किती गरजेची आहे, हे बंगळूरने दोनदा पाहिलंय. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतातल्या लोकांवर हल्ले होणार, असे संदेश शहरात फिरले. सोबत दुसऱ्याच ठिकाणची, दुसऱ्याच घटनांची छायाचित्रं होती. हजारो माणसं बॅगा भरून स्टेशनवर आली. रेल्वेला गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारने घाऊक एसएमएसवर निर्बंध घातले, एका वेळी पाचच. मे २०१८ मध्ये चामराजपेट भागात मुलं पळवणारा समजून राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला जमावाने ठार मारलं. त्या दिवसांत देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक होती कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची. मूळ फितीत मोटारसायकलवरून उचललेलं मूल शेवटी सुखरूप परत आणून सोडतात आणि ‘मुलांना जपा’ असा फलक दाखवतात. फिरवणाऱ्यांनी हा शेवट कापला होता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांचा अशाच अफवेने जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच चॅटवरच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०१२ मध्ये पाच, २०१८ मध्येही पाच. यंत्राने मर्यादा घातली, पण मन जागं करणं यंत्राच्या हातात नव्हतं.

कापलेला शेवट ही गोष्ट दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला सांगावी. मारहाणीचे तपशील सांगायची गरज नाही. एवढंच विचारावं, ‘‘या फितीच्या आधी काय होतं, नंतर काय होतं, हे आपल्याला कसं कळेल?’’ केरळात कण्णूर जिल्ह्याने २०१८ मध्ये सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाने हेच शिकवायला सुरुवात केली. लसीविषयीच्या अफवांनी पालक घाबरले होते, तिथून ते काम सुरू झालं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक मजेशीर गोष्ट टिपली. अनोळखी संकेतस्थळ विश्वासाचं आहे का, हे ठरवताना इतिहासाचे प्राध्यापकही ते पान वरून खालपर्यंत वाचत बसले आणि बऱ्याचदा फसले. व्यावसायिक तथ्य तपासनीस मात्र त्या पानावर रेंगाळले नाहीत. त्यांनी शेजारी नवी खिडकी उघडली आणि ‘हे लोक कोण, दुसरे यांच्याविषयी काय म्हणतात’ हे शोधलं. आपल्याकडे स्थळ पाहताना हेच करतात. मुलाचा बायोडेटा वाचून कुणी लग्न ठरवत नाही, चार ठिकाणी चौकशी करतं. मुलांना हे उदाहरण लगेच पटतं.

तिसरी रीत निर्मितीची. स्वतः बातमी लिहिल्याशिवाय बातमीत काय गाळलं जातं ते कळत नाही. कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटे गावात बायकांच्या बचत गटांनी ‘नम्म ध्वनी’ हे गावचं रेडिओ केंद्र चालवलं. तेव्हा गावांना रेडिओचा परवाना मिळत नव्हता, म्हणून केबलच्या तारेवरून घरोघर आवाज पोचवला. बंगळूर शहरात २००७ पासून ‘रेडिओ ॲक्टिव्ह’ हे ९०.४ वरचं सामुदायिक केंद्र आहे. कचरा वेचणाऱ्यांनी तिथे स्वतःच्या आवाजात आपलं काम सांगितलं. रोज सकाळी आपल्या दारातून कचरा नेणारी बाई रेडिओवर बोलते, तेव्हा ऐकणाऱ्या मुलाला शहर वेगळं दिसू लागतं.

घरात काय करायचं

यासाठी वर्गणी लागत नाही, आठवड्याला तीन-चार तास लागतात. तेही एकदम नाहीत.

चार ते आठ वर्षांची मुलं असतील तर पडदा मांडीवर बसूनच. गोष्ट एकत्र वाचा, बंद करा आणि त्यातलं एक चित्र कागदावर काढायला सांगा. जेवताना व्हिडिओ लावायची सवय असेल तर ती एका दिवसात मोडायला जाऊ नका. आधी रात्रीच्या जेवणापुरती सोडवा.

नऊ ते बारा वर्षं हे माध्यमशिक्षणाचं सोन्याचं वय. या वयात पुढचं करून पाहा.

• जाहिरात पाहताना टीव्हीचा आवाज बंद करा आणि विचारा, ‘‘हे काय विकतायत? कुणाला विकतायत?’’ मग आवाज लावून पडताळा. 
• रविवारी एकच बातमी दोन वर्तमानपत्रांत वाचा, जमलं तर एक मराठी आणि एक इंग्रजी. मथळ्यात काय वेगळं आहे, छायाचित्र कुणाचं आहे, कुणाचं म्हणणं घेतलेलंच नाही, हे मुलाला खुणा करून दाखवू द्या. 
• फोनवर आजीची दहा मिनिटांची मुलाखत रेकॉर्ड करायला सांगा. मग ती तीन मिनिटांवर आणायला लावा. काय कापायचं यावर भांडण होईल. ते भांडण हाच धडा. कापणारा माणूस अर्थ बदलू शकतो, हे त्या दिवशी कायमचं कळतं. 
• कब्बन पार्कमधल्या मुलांच्या वाचनालयात महिन्यातून एकदा न्या. शोधपेटीत नाव टाकण्याऐवजी कपाटातून पुस्तक शोधताना शेजारचं पुस्तक हाताला लागतं, तो अनुभव वेगळा.

तेरानंतर हुकूम चालत नाही, करार चालतो. रात्री अमुक वाजता सगळे फोन, तुमचाही, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला संशयास्पद संदेश तपासायची जबाबदारी मुलावर टाका. काकांनी पाठवलेला खोटा फॉरवर्ड मुलीने शोधून काढला, तर काकांशी कसं बोलायचं हेही तिथेच शिकवा. ‘‘काका, हा फोटो जुना आहे, मी तपासला’’ इतकं पुरतं. वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांची चूक दाखवता येणं, हे माध्यमशिक्षणाचं आपल्याकडचं खास प्रकरण आहे. परदेशी पुस्तकांत ते सापडायचं नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटबद्दल हल्ली सगळे विचारतात. माझा नियम साधा आहे: आधी स्वतः पाच ओळी लिहा, मग यंत्राला विचारा, मग यंत्राच्या उत्तरातली एक चूक शोधा. चूक सापडली नाही तर एक विधान पुस्तकातून पडताळून दाखवा. मराठी निबंधात तर चुका सहज सापडतात. जिथे आपली भाषा यंत्राला नीट येत नाही, तिथे मूल गुरू होतं आणि खूश होतं.

पैसे भरण्यापूर्वी, सही करण्यापूर्वी

डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने पालकांना शिक्षणतंत्र कंपन्यांबाबत सावध केलं होतं. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देताना जपा, अटी वाचा, ‘मोफत’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, असं त्यात होतं. त्यात थोडी भर घालून सांगतो.

घरी डेमो द्यायला आलेल्या माणसासमोर त्याच दिवशी सही करू नका. ‘सवलत आजच संपते’ असं तो म्हणाला, तर ती उद्या पुन्हा सुरू होते असं धरा. हप्ता म्हणजे फी नव्हे, अनेकदा ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कर्ज देणारी कंपनी कोणती, ॲप आवडलं नाही तर कर्जाचं काय, हे लेखी विचारा. त्याने घेतलेल्या परीक्षेत मुलाला मुद्दाम नापास दाखवून ‘बघा, पाया कच्चा आहे’ असं सांगितलं, तर तो कागद शाळेच्या बाईंना दाखवा. त्या तुमच्या मुलाला वर्षभर ओळखतात.

शाळेच्या पालकसभेतही प्रश्न विचारा. स्मार्ट बोर्डवर शिक्षक स्वतः लिहितात, की तयार व्हिडिओ लावतात? मुलांची माहिती ॲपवर जाते, ती कुणाकडे राहते? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि मुलांचा माग काढून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होतेय, काही सवलतीही आहेत. पण विचारायचा हक्क तुमचा आजही आहे.

आणि कुठलंही ॲप, कुठलाही व्हिडिओ, कुठलाही खेळ आठवडाभर वापरला की एक चाचणी घ्या. फोन बाजूला ठेवा आणि मुलाला म्हणा, ‘‘आज काय पाहिलंस ते मला शिकव.’’ मूल उत्साहाने कागद ओढून घेत असेल, हातवारे करत असेल, ‘थांब, दाखवतो’ म्हणत कपाट उघडत असेल, तर ते ॲप ठेवा. ‘असंच काहीतरी होतं’ असं उत्तर सलग तीन दिवस आलं, तर वर्गणी बंद करा.

पुण्याच्या त्या गावांत रेडिओ बंद झाल्यावर वीस माणसं बोलत बसायची. तुमच्या घरी दोन पुरेत. आज रात्री जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं काढा.